तोरोची लाल वाइन : तुरटपणाचा स्वभाव आणि जोडीचे जेवण

दुएरोकाठी

स्पेनची लाल वाइन म्हटले की रिओहाचे नाव आधी निघते, आणि त्यानंतर फार तर रिबेरा देल दुएरोचे. कामानिमित्त माझे वास्तव्य वायादोलिद शहरात असल्यामुळे या दोन्ही वाइन सहज मिळतात. तरीही येथील लोक घरी मटण शिजवतात तेव्हा अनेकदा टेबलावर तोरोची बाटली ठेवतात. वायादोलिदच्या दक्षिणेकडून दुएरो नदी पश्चिमेला पोर्तुगालच्या दिशेने निघते. त्या वाटेवर सामोरा प्रांतात, नदीच्या उजव्या काठावरील उंच कड्यावर तोरो हे जुने गाव वसले आहे. त्याच्या भोवतालच्या बागांना 1987 मध्ये ‘देनोमिनासियोन दे ओरिहेन’, म्हणजे उगमस्थानाचा अधिकृत दर्जा मिळाला.

येथील द्राक्षाला ‘तिंता दे तोरो’ म्हणतात. वंशाने ते स्पेनमधील तेम्प्रानिल्यो जातीचे द्राक्षच आहे, पण कित्येक पिढ्या याच उष्ण आणि कोरड्या मुलखात वाढल्यामुळे त्याचे मणी लहान आणि साल जाड झाली आहे. परिणामी रंग जवळजवळ काळा, मद्यार्क बहुधा 14 ते 15 टक्के, आणि तुरटपणा असा की पहिल्या घोटानंतर जीभ हिरड्यांना घासल्यासारखी वाटते. रिओहाच्या जुन्या, पिंपात मुरलेल्या वाइनची सवय असलेल्या माणसाला हा प्रकार आडदांड वाटण्याची शक्यता आहे. चांगल्या बाटलीत मात्र या तुरटपणाच्या मागे काळ्या बोरांचा, पिकलेल्या आलुबुखाराचा, ज्येष्ठमधाचा आणि थोडा तंबाखूच्या पानाचा गंध असतो. त्या गंधापर्यंत पोहोचायचे तर जोडीला योग्य पदार्थ लागतो.

माझे म्हणणे असे की ‘लाल वाइन आणि लाल मांस’ हा सरधोपट नियम तोरोच्या बाबतीत पुरेसा नाही. या वाइनला स्निग्धता आणि मीठ हवे असते. तिखट, गोड आणि आंबट या तिन्हींशी तिचे फारसे जमत नाही. म्हणून मांस कोणते यापेक्षा ते कशात शिजवले हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. जाणकारांनी मते मांडावीत.

---

द्राक्षबाग

विषय उत्तम आहे. माझी बाग दिंडोरी तालुक्यात असल्यामुळे मी जेवणाआधी वेलीबद्दल विचारतो. आमच्या परिसरात चारोसा या वाइन उत्पादकाने तेम्प्रानिल्योची लागवड करून वाइन केली होती आणि ती मी चाखलेली आहे. फळ स्वच्छ आणि पिंपाचा गंध सुरेख होता, पण तुम्ही वर्णन करता तसा जीभ घासणारा तुरटपणा तिच्यात नव्हता. आमच्याकडे वेलीला हिवाळी विश्रांती मिळत नाही, वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये येते, हे त्याचे एक कारण असावे. तोरोच्या बागांमध्ये खुंट, म्हणजे ज्यावर वेलीचे कलम करतात तो मुळाकडचा भाग, कोणता वापरतात?

---

दुएरोकाठी

आपल्या प्रश्नाचे उत्तर ऐकून गंमत वाटेल. तोरोच्या जुन्या बागांपैकी अनेकांत खुंटच नाही. वेल स्वतःच्या मुळांवर उभा आहे. एकोणिसाव्या शतकात फायलॉक्सेरा नावाच्या मुळे पोखरणाऱ्या किडीने युरोपातील बहुतेक बागा उद्ध्वस्त केल्या आणि त्यानंतर अमेरिकी खुंटावर कलम करणे सर्वत्र सक्तीचे झाल्यासारखे झाले. तोरोची जमीन मात्र बऱ्याच ठिकाणी वाळूची आहे आणि वाळूत ही कीड नीट पसरू शकत नाही. फ्रान्समधील बागा उद्ध्वस्त झाल्या तेव्हा येथून मोठ्या प्रमाणावर वाइन तिकडे पाठवली जात असे. शंभरी ओलांडलेले, तारेचा आधार नसलेले, जमिनीलगत झुडपासारखे वाढवलेले वेल आजही येथे पाहायला मिळतात. ते विरळ लावलेले असतात, कारण वर्षाचा पाऊस सुमारे 350 ते 400 मिलिमीटर इतकाच असतो आणि प्रत्येक वेलीला पाणी शोधायला जागा लागते.

बागांची उंची समुद्रसपाटीपासून साधारण 620 ते 750 मीटर आहे. उन्हाळ्यात दिवसा अंग भाजते आणि रात्री गारवा येतो. दिवसाच्या उष्णतेने साखर भराभर वाढते, पण सालीतील आणि बियांतील टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारे द्रव्य, पक्व व्हायला त्याहून अधिक वेळ लागतो. पूर्वीचे शेतकरी तोडणी लांबवीत, त्यामुळे वाइनचा मद्यार्क 16 टक्क्यांच्याही पुढे जाई आणि ती इतर फिक्या वाइनमध्ये मिसळण्यासाठी पिंपाच्या भावाने विकली जाई. मानुएल फारिन्या यांच्यासारख्या उत्पादकांनी तोडणी अलीकडे आणली आणि तोरोला बाटलीची वाइन म्हणून उभे केले. पुढे 1998 मध्ये एगुरेन कुटुंबाने नुमान्थिया सुरू केली, जी 2008 मध्ये फ्रान्सच्या एलव्हीएमएच समूहाकडे गेली. रिबेरातील प्रसिद्ध वेगा सिसिलियानेही येथे पिंतिया नावाची वाइन काढली. या मंडळींच्या काळात ओकच्या नव्या पिंपांचा वापर वाढला. माझ्या मते काही वर्षे तो अति झाला, कारण सालीच्या टॅनिनवर लाकडाच्या टॅनिनचा थर चढला की पिणाऱ्याची दमछाक होते. अलीकडच्या बाटल्यांत हा वापर पुष्कळ कमी झालेला दिसतो.

---

खमंग

धागाकर्त्यांच्या माहितीबद्दल आभार, पण मूळ मुद्द्याशी मी सहमत नाही. मी कोल्हापूरची. आमच्याकडील तांबड्या रश्श्याइतका दणकट पदार्थ दुसरा नाही. आणि वाइन इतकी दणकट असेल तर दोन तुल्यबळांची जोडी जमायला काय हरकत आहे? सौम्य पदार्थ अशा वाइनसमोर टिकणारच नाही. ‘तिखटाशी जमत नाही’ हे मत युरोपच्या स्वयंपाकघरातून आलेले असावे असा मला संशय आहे.

---

रसायनी

खमंग यांचा संशय रास्त असला, तरी येथे कारण संस्कृतीचे नसून तोंडातील प्रक्रियांचे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तुरटपणा ही काटेकोरपणे पाहिल्यास चव नाही, ती स्पर्शाची जाणीव आहे. लाळेत प्रोलीन या अमिनो आम्लाने समृद्ध अशी प्रथिने असतात आणि ती तोंड ओलसर व निसरडे ठेवतात. टॅनिन त्या प्रथिनांना चिकटते, त्यांचे साके बनतात, वंगण कमी होते आणि जीभ-टाळूचे घर्षण जाणवू लागते. ही जाणीव घोटागणिक साचत जाते. नुसती वाइन पीत राहिल्यास तिसरा घोट पहिल्यापेक्षा अधिक तुरट लागतो. मधे घास घेतला की लाळ पुन्हा सुटते, आणि पदार्थात प्रथिने व चरबी असतील तर टॅनिनचा काही भाग त्यांच्याशी बांधला जातो. कडक चहात दूध घातल्यावर त्याचा तुरटपणा उतरतो, तेही दुधातील केसीन हे प्रथिन टॅनिनला धरून ठेवते म्हणूनच. मिठाने कडवटपणा दबतो, हा आणखी एक फायदा.

आता तिखटाकडे येतो. मिरचीतील कॅप्सेसिन ज्या चेताग्राहींना चेतवते, त्यांनाच मद्यार्कही चेतवतो. साडेचौदा टक्क्यांची वाइन आणि तांबडा रस्सा एकत्र आले की दोघांचा दाह एकमेकांवर चढतो, आणि तिखटाने आधीच हुळहुळलेल्या तोंडाला टॅनिनचे घर्षण अधिक बोचते. वाइनमधील फळाचा गंध या गोंगाटात हरवतो. म्हणजे दोन तुल्यबळ समोरासमोर आले तरी नुकसान वाइनचेच होते. रश्श्याचे काही बिघडत नाही.

---

खमंग

स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे, तरी एक गोष्ट नोंदवते. तिखटाचा दाह वाढणे हा प्रत्येकाच्या लेखी दोष नसतो. आमच्या घरातील निम्मी मंडळी त्या वाढलेल्या दाहासाठीच रस्सा ओरपतात, आणि त्यांना वाइनने आग भडकलेली आवडेल. फळाचा गंध हरवतो हे मात्र मान्य करावे लागेल, आणि इतकी महाग बाटली उघडून तिचा गंधच मिळणार नसेल तर तो व्यवहार तोट्याचा.

मग पांढऱ्या रश्श्याचे काय? त्यात मटणाचा अर्क, नारळाचे दूध, काजू, तीळ, खसखस असते आणि मिरचीचा मारा नसतो.

---

दुएरोकाठी

हाच मुद्दा मला मांडायचा होता आणि आपण तो माझ्यापेक्षा नेमका मांडलात. पांढरा रस्सा आणि त्याच्यासोबत मीठ, हळद, आले-लसूण एवढ्यावर शिजवलेले आळणी मटण, ही तोरोच्या बाजूने पाहिल्यास आदर्श मांडणी आहे. बोकड तोच, भांडेही बहुधा तेच; तांबड्या रश्श्यात वाइन चिरडली जाते आणि पांढऱ्यात खुलते. आळणी मटणाचा चरबीचा तुकडा मीठ लावून खाल्ल्यावर घोट घेऊन पाहावा, तुरटपणाची धार लगेच उतरलेली जाणवते.

सामोऱ्यातील लोकांच्या ताटात हेच तत्त्व दिसते. ‘आरोस आ ला सामोराना’ हा येथील भात डुकराचे कान, पाय, थोडे हॅम, कांदा-लसूण आणि पिमेंतोन नावाची लाल मिरचीची पूड घालून करतात. पिमेंतोनने रंग आणि गोडसर-धुरकट वास येतो, जाळ फारसा होत नाही. कान आणि पाय शिजल्यावर भात चिकट, जड आणि खारट होतो. नुसता खाल्ला तर चार घासांनंतर तोंड चरबीने लिंपल्यासारखे होते, आणि तेथेच तरुण तोरोचा एक घोट तोंड खरवडून पुढच्या घासासाठी मोकळे करतो. वाइन भाताला स्वच्छ करते आणि भात वाइनला मऊ करतो, असा हा दुहेरी व्यवहार आहे. मला विचाराल तर तोरोची सर्वांत चांगली जोडी हीच. पुस्तकी याद्यांत तिचे नाव क्वचितच येते, कारण दिसायला हा पदार्थ अगदी साधा आहे.

याउलट कास्तियाचा मानाचा पदार्थ म्हणजे ‘लेचासो’. फक्त आईच्या दुधावर वाढलेले कोवळे कोकरू मातीच्या पसरट भांड्यात, थोडे पाणी आणि मीठ घालून लाकडाच्या भट्टीत भाजतात. त्याची जोडी तोरोशी लावण्याची पद्धत आहे, पण माझे मत थोडे वेगळे आहे. ते मांस इतके कोवळे आणि दुधाळ असते की नव्या पिंपात ठेवलेली तरुण तोरो त्याच्यावर स्वार होते. लेचासोसाठी काही वर्षे मुरलेली रेसेर्वा किंवा सरळ रिबेराची बाटली घ्यावी. तरुण तोरो मोठ्या जनावरासाठी, हाडाजवळच्या कडक आणि चरबीदार तुकड्यांसाठी राखावी.

---

साधीभाकर

मी शाकाहारी आहे आणि अशा चर्चांत आमच्या वाट्याला बहुधा ‘चीज’ एवढा एकच शब्द येतो. सामोऱ्यात शाकाहारी माणसाने काय खावे, आणि आपल्या घरच्या पदार्थांपैकी कोणते चालतील? भरली वांगी चालतील असे मला वाटते, कारण त्यात दाण्याचे कूट आणि तेल दोन्ही भरपूर असते.

---

दुएरोकाठी

चीजपासूनच सुरुवात करतो, कारण येथे ते खरोखर महत्त्वाचे आहे. सामोऱ्याचे ‘केसो सामोरानो’ मेंढीच्या दुधापासून करतात आणि ते महिनोन्‌महिने मुरवलेले, कठीण, किंचित रवाळ आणि खारट असते. चरबी, प्रथिने आणि मीठ असे तिन्ही घटक त्यात एकत्र आल्यामुळे तोरोबरोबर ते अचूक बसते. मऊ, पांढऱ्या सालीची फ्रेंच धाटणीची चीज मात्र टाळावी. तिच्या सालीजवळचा कडवट अंश टॅनिनमुळे ठळक होतो. याच प्रांतातील फुएन्तेसाउको गावचे काबुली चणे प्रसिद्ध आहेत. ते लसूण, पिमेंतोन आणि सढळ ऑलिव्ह तेलात शिजवले की मांसाशिवायही तोरोच्या क्रियान्साला, म्हणजे ठरावीक मुदत मुरवलेल्या वाइनला, पुरे पडतात.

भरल्या वांग्यांविषयी रसायनी यांनी सांगितलेले अधिक बरे.

---

रसायनी

भरल्या वांग्यांत अडचण गुळाची आहे. पदार्थातील गोडीमुळे कोरडी वाइन अधिक आंबट, अधिक कडू आणि अधिक तुरट भासते. चिंच असेल तर दुसरा प्रश्न उभा राहतो. तोरोची आम्लता मुळात बेताची असते, आणि चिंच किंवा आमसुलासमोर ती आणखी खाली गेल्यासारखी वाटून वाइन पसरट लागते. गूळ-चिंच वगळून, सुके खोबरे, तीळ, लसूण आणि साल काढलेल्या दाण्यांचे कूट भरून तेलावर परतलेली वांगी केल्यास चालावीत. साल काढलेले दाणे मुद्दाम म्हणतो, कारण शेंगदाण्याच्या लाल सालीत स्वतःचेच टॅनिन असते. अक्रोडाच्या सालीचेही तसेच. तुरटावर तुरट चढवण्याची गरज नाही.

आणखी एक सावधगिरी. अळंबी आणि टोमॅटोचा आटवलेला रस अशा ग्लुटामेटयुक्त पदार्थांनी वाइनचा कडवटपणा वाढतो. त्यांत मीठ पुरेसे असेल तर हा परिणाम झाकला जातो; म्हणून अळणी अळंबी नको, लोण्यात परतून नीट खारवलेली चालेल. पनीर तव्यावर तूप-मिठात खरपूस करून घेतले तर उत्तम, कारण त्यात केसीन आहे आणि आंबटपणा नाही.

मासे कोणी विचारण्याआधीच लिहितो. लाल वाइनबरोबर माशाला जो धातूसारखा, हिवस वास येतो, त्याचा दोष आपण टॅनिनला देतो. पण 2009 मध्ये जपानी संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाइनमधील लोहाचा अंश हे त्याचे मुख्य कारण असल्याचे दिसून आले. लोहाचे प्रमाण बाटलीगणिक बदलते आणि ते चाखून आधी कळत नाही. बांगडा आणि तोरो हा प्रयोग ज्याने त्याने स्वतःच्या जबाबदारीवर करावा.

---

मांडवीतीर

दुएरो नदी पोर्तुगालमध्ये शिरली की तिचे नाव दोउरो होते, आणि त्या बाजूच्या वाइन आमच्या गोव्यात काही घरांतून पूर्वापार ओळखीच्या आहेत. त्यामुळे प्रश्न सुचतो तो आमच्या शोरिसचा, म्हणजे मसालेदार डुकराच्या सॉसेजचा. स्पेनमधील लोक चोरिसोबरोबर तोरो पितात, मग गोव्याच्या शोरिसबरोबर ती का पिऊ नये? दोन्हींत डुकराचे मांस, चरबी आणि मीठ आहे.

---

दुएरोकाठी

चरबी आणि मीठ सारखे असले तरी बाकीचा मसाला वेगळ्या दिशेला जातो. स्पॅनिश चोरिसोत पिमेंतोन आणि लसूण असतो, आणि तो वाळवून किंवा धुरी देऊन मुरवतात. गोव्याच्या शोरिसमध्ये तिखट मिरची आणि माडाच्या सुरीचा शिर्का असतो. म्हणजे वर ज्या दोन गोष्टींपासून तोरोला जपायचे म्हटले, त्या दोन्ही तेथे हजर आहेत. शोरिस पावात घालून, भरपूर कांदा आणि बटाट्याबरोबर सौम्य करून खाल्ली तर साधी, पिंपात न ठेवलेली तरुण तोरो तिच्यासमोर उभी राहू शकेल. ओकमध्ये मुरलेली महाग बाटली त्यासाठी उघडू नये, कारण शिर्क्यासमोर लाकडाचा गंध कडवट आणि भुसकट लागतो.

---

द्राक्षबाग

बाटली निवडताना लेबलावर काय पाहावे? आणि डिकँटरमध्ये ओतून दोन तास ठेवली की टॅनिन मऊ होते असे मी अनेकांकडून ऐकले आहे, त्यात तथ्य किती?

---

रसायनी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. दोन तासांत टॅनिनचे प्रमाण किंवा त्याची रचना जाणवण्याइतकी बदलत नाही. हवेमुळे बाटलीत कोंडलेले गंधकयुक्त वास उडून जातात, फळाचा गंध पुढे येतो, आणि गंध खुलल्यामुळे तुरटपणाकडचे लक्ष कमी होते. जुन्या बाटलीत तळाशी बसलेला कडवट साका वेगळा राहतो, हा खरा लाभ. टॅनिन मऊ होते ते वर्षानुवर्षे बाटलीत. त्याचे रेणू एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडले जातात आणि काही खाली बसतात.

डिकँटरपेक्षा तापमानाचा परिणाम मोठा आहे. फ्रिजमधून काढलेल्या थंडगार लाल वाइनचा तुरटपणा टोचतो. पुण्या-नागपुरातील मे महिन्याच्या खोलीत ठेवलेल्या वाइनचा मद्यार्क नाकात जातो. 16 ते 18 अंश सेल्सिअस हा पट्टा तोरोसाठी योग्य आहे. आपल्या उन्हाळ्यात म्हणजे बाटली काही वेळ फ्रिजमध्ये ठेवून मग बाहेर काढावी, आणि पेला अर्ध्याहून कमी भरावा, कारण तो टेबलावर भराभर तापतो.

---

दुएरोकाठी

लेबलाबद्दल. तोरोच्या लाल वाइनमध्ये किमान 75 टक्के तिंता दे तोरो असावी लागते. उरलेला वाटा बहुधा गार्नाचा या द्राक्षाचा असतो आणि तो असला तर वाइन जराशी मवाळ लागते. ‘होवेन’ म्हणजे पिंपाचा स्पर्श नसलेली किंवा नाममात्र असलेली तरुण वाइन, ‘रोब्ले’ म्हणजे काही महिने ओकमध्ये ठेवलेली. क्रियान्साला स्पेनच्या सर्वसाधारण नियमानुसार एकूण 24 महिने मुरवणे आणि त्यांपैकी किमान 6 महिने पिंपात ठेवणे बंधनकारक आहे; रिओहा आणि रिबेरा यांनी स्वतःसाठी पिंपाची मुदत 12 महिने ठरवली आहे. रेसेर्वाला एकूण 36 महिने लागतात. काही नामांकित उत्पादक मात्र या श्रेणी लेबलावर लिहीतच नाहीत, त्यामुळे तेथे वर्ष पाहून अंदाज बांधावा लागतो.

खमंग यांच्या घरच्या पांढऱ्या रश्श्यासाठी मी रोब्ले निवडीन, साधीभाकर यांच्या वांग्यांसाठी होवेन, आणि क्रियान्सा भाताच्या किंवा मेंढीच्या चीजच्या दिवशी उघडीन.

---

खमंग

जेवणानंतर उरलेल्या वाइनबरोबर काळे चॉकलेट देण्याची पद्धत काही रेस्टॉरंटांत पाहिली आहे. तोरोबरोबर ते चालेल का?

---

रसायनी

माझे उत्तर नकारार्थी आहे. चॉकलेटमध्ये साखर आहे आणि कोकोचे स्वतःचे टॅनिनही आहे. म्हणजे वाइन एकीकडून गोडीमुळे कोरडी भासते आणि दुसरीकडून तुरटपणाची भर पडते. उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी. तोरोसारखी टॅनिनयुक्त वाइन हवेला बऱ्यापैकी दाद देत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या शिळ्या मटणाबरोबर ती चांगली लागते. फक्त पिण्याआधी थोडा वेळ बाहेर काढायला विसरू नये.